एकच उंबरा

डिसेंबरातली गोष्ट. हिंगण्याच्या पुढे, वेणा नदीच्या अंगाला, आमच्या ओळखीतल्या एका काकांचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहराची तोड चालू होती. खाली पडलेलं फळ उचलायला वाकले आणि झाडाच्या बुडातून निघालेल्या फुटव्याचा काटा अंगठ्याला चांगला इंचभर ओरबाडत गेला. नागपुरी संत्र्याच्या झाडाला स्वतःचे काटे फारसे नसतात. पण ते झाड जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढवलेलं असतं, आणि जंबेरी काटेरी. डोळ्याच्या खालून जे फुटतं ते संत्र्याचं नसतं, जंबेरीचं असतं, म्हणून शेतकरी असे फुटवे वेळीच काढतो. हा एक राहून गेला होता.

काकूंनी हळद दाबली. थोड्या वेळानं मी त्याच हातानं संत्रं सोललं आणि रस जखमेत गेला. काकू म्हणाल्या, "काहून सोलला, मॅडम? म्या सोलून देल्ला असता ना."

दोन आठवड्यांनी तिथे फक्त एक गुलाबी रेघ उरली. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून ती रेघ वर्गात दाखवली आणि विचारलं, ही शिवण कोणत्या दोऱ्याची? उत्तर पुस्तकात आहे: कोलॅजेन. त्या दोऱ्याचा प्रवास मात्र पुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो. आंतर्द्रव्यजालिका प्रथिनांचे वहन करते, गॉल्गी संकुल त्यांचे वर्गीकरण व पाठवणी करते. मुलं ती वाक्यं पाठ करतात, आकृतीला नावं देतात आणि गुण मिळवतात. एक साधा प्रश्न तसाच राहतो. तो दोरा बाहेर येतो कसा?

अडचण आधी नीट समजून घ्यायला हवी. जखम झाल्यावर दोन-तीन दिवसांत तिथे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी गोळा होतात आणि कोलॅजेन तयार करू लागतात. कातडी, हाड, हिरड्या, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना घट्टपणा देणारं हे प्रथिन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग एकट्या कोलॅजेनचा असतो. त्याचा एक तयार रेणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ काठी. तिचं काम पेशीच्या बाहेर, पण ती घडते पेशीच्या आत, आणि पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं अखंड पटल असतं. त्याची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर, तरी त्यातून साधं मीठही आपोआप पार होत नाही. काठी जाईल एवढं भोक पाडलं तर पेशीतलं सगळं वाहून जाईल आणि पेशी मरेल.

पेशीनं यावर काढलेली तोड मला आजही थक्क करते. प्रथिन पटल ओलांडतं, पण आयुष्यात एकदाच. तेही बाहेरचं पटल नाही, घरातलंच एक पटल. आणि तेही पूर्ण तयार झाल्यावर नाही, तर घडत असतानाच, एकेरी धाग्याच्या रूपात, तो धागा जेमतेम मावेल एवढ्या छिद्रातून. तो उंबरा ओलांडला की पुढे पेशीच्या बाहेर पडेपर्यंत त्याला दुसरं पटल ओलांडावं लागत नाही.

हे पटवून द्यायला मी वर्गात वाड्याचा चौक सांगते. नागपुरात महालाकडचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळतं. चौकात उभे राहिलात तर तुम्ही घराच्या मधोमध असता, चारी बाजूंना खोल्या असतात, पण डोक्यावर आभाळ असतं. पाऊस आला तर भिजता. चौक घराच्या आत असूनही बाहेरचा असतो. आंतर्द्रव्यजालिकेच्या पोटातली जागा तशीच आहे. ती पेशीच्या आत आहे, पण खोल्यांपैकी नव्हे. तिथे जे पोचलं ते पेशीच्या हिशेबानं बाहेर पडलंच. एवढंच की हा चौक झाकलेला आहे. त्याचे तुकडे सुटतात, दुसऱ्या चौकाला जाऊन मिळतात, आणि शेवटचा तुकडा बाहेरच्या पटलाला चिकटून उघडतो. पुढचं सगळं या एका कल्पनेत बसतं.

आता उंबऱ्याशी येऊ. सगळी प्रथिनं रायबोसोमवर घडायला लागतात आणि सुरुवातीला सगळे रायबोसोम सारखेच, पेशीद्रवात मोकळे फिरणारे. मग कोलॅजेन घडवणारा रायबोसोमच जालिकेकडे कसा जातो? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये एक तर्क मांडला, की बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या पहिल्याच टोकाला पत्ता असावा. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रतिपिंडाच्या एका साखळीला सुरुवातीला असा जास्तीचा तुकडा सापडला, जो तयार प्रथिनात नसतो. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी पेशीबाहेर, परीक्षानळीत रायबोसोम आणि जालिकेचे तुकडे एकत्र करून ही यंत्रणा दाखवून दिली. ब्लोबेलना १९९९ चं नोबेल मिळालं.

माणसाच्या कोलॅजेनच्या मुख्य साखळीत हा सुरुवातीचा तुकडा २२ अमिनो आम्लांचा आहे. तो रायबोसोममधून डोकावताच एक कण त्याला धरतो. हा कण सहा प्रथिनं आणि एक आरएनए मिळून झालेला असतो. तो धरताच साखळी विणणं जवळजवळ थांबतं. मग तो कण रायबोसोमला जालिकेच्या पटलावरच्या आपल्या जोडीदारापाशी नेतो, तिथल्या छिद्रावर बसवतो आणि सुटतो. विणकाम पुन्हा सुरू होतं, पण आता धागा थेट छिद्रातून आत उतरतो. आत एक कातरणारं विकर बसलेलं असतं. ते पत्त्याचा तुकडा कापून टाकतं, कारण त्याचं काम झालेलं असतं.

पूर्वी मी शिकवताना पेशीला कारखाना म्हणत असे. आमच्या वर्गात बऱ्याच मुलांचे वडील एमआयडीसीत पाळीला जातात, त्यांना गेट, गोदाम, पाठवणी हे शब्द ओळखीचे. पण ती उपमा मी सोडली, कारण तिच्यामुळे मुलं एक चुकीची गोष्ट धरून बसतात, की आत कुणीतरी पत्ता वाचतं. पेशीत कुणी वाचत नाही. त्या २२ अमिनो आम्लांसारखे तुकडे हजारो प्रथिनांना असतात आणि त्यांचा क्रम एकमेकांशी जुळत नाही. समान असतो तो फक्त गुण: मधला भाग तेलकट, पाण्याला नकोसा. धरणाऱ्या कणातही तशीच एक तेलकट खाच असते. तेल पाण्यापासून दूर सरतं आणि तेलाला जाऊन मिळतं, एवढ्याच बळावर ही ओळख पटते. पुढच्या प्रत्येक मुक्कामावरही असंच. कुठे आकार जुळतो, कुठे भार जुळतो, कुठे आंबटपणा. वरून हुकूम देणारं कुणी नाही.

ज्यांच्या टोकाला असा तुकडा नाही ती प्रथिनं या वाटेला लागतच नाहीत. विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. त्यात ज्या हिमोग्लोबिनचा दोष असतो, ते मोकळ्या रायबोसोमवर घडतं आणि पेशीतच राहतं. त्याला उंबरा ओलांडायचाच नसतो.

कोलॅजेनची साखळी लांब आहे, मुख्य साखळी १,४६४ अमिनो आम्लांची. रायबोसोम सेकंदाला पाचेक अमिनो आम्लं जोडतो असं धरलं तर एक साखळी उतरायला पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांत आत जे चालतं तो या प्रवासातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

धागा उतरला म्हणजे प्रथिन झालं असं नाही. त्याची योग्य घडी बसली तरच ते कामाचं. अमेरिकेत ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी दाखवून दिलं, की घडी कशी बसावी हे साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असतं. एक उलगडलेलं विकर परीक्षानळीत आपोआप पुन्हा मूळ आकारात आलं. १९७२ चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी. पण परीक्षानळी मोकळी असते, जालिका खचाखच भरलेली. अर्धवट उतरलेल्या साखळीचे तेलकट भाग उघडे असतात आणि ते शेजारच्या साखळीला चिकटले तर नुसता गोळा होतो. म्हणून जालिकेत अशी प्रथिनं असतात जी नव्या साखळीला धरून ठेवतात, सोडतात, पुन्हा धरतात, तिची घडी बसेपर्यंत तिला भलत्या ठिकाणी चिकटू देत नाहीत. इंग्रजीत त्यांना शॅपरोन म्हणतात. मराठीत मला यासाठी पाठराखीण हाच शब्द सुचतो. नव्या नवरीबरोबर सासरी जाते, तिला चार दिवस सावरते, आणि ती रुळली की आपल्या घरी परत येते, ती पाठराखीण. हा शब्द इथे किती नेमका बसतो ते थोडं पुढे कळेल.

कोलॅजेनची घडी वेगळीच. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये क्ष-किरणांच्या छायाचित्रांवरून तिची रचना मांडली: तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, तिपेडी दोरासारख्या. पिळाच्या गाभ्यात जागा इतकी कमी, की तिथे सगळ्यांत लहान अमिनो आम्लच मावतं, ते म्हणजे ग्लायसिन. म्हणून या लांब भागात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, हजाराहून अधिक घरांपर्यंत, न चुकता. त्यातलं एखादंही बदललं तर पिळाला गाठ पडते आणि मूल ठिसूळ हाडं घेऊन जन्माला येऊ शकतं.

आता संत्रं. साखळीत प्रोलिन नावाचं अमिनो आम्लही भरपूर असतं. धागा जालिकेत उतरत असतानाच एक विकर त्यातल्या बऱ्याच प्रोलिनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी जोडी चढवतं. या विकराच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो अणू मधूनच गंजल्यासारखा होतो आणि विकर बंद पडतं. त्याला पुन्हा कामावर आणतं जीवनसत्त्व क. संत्र्यातलं, लिंबातलं, आवळ्यातलं, पेरूतलं जीवनसत्त्व क आपल्या शरीरात जी कामं करतं त्यातलं हे सर्वांत मोलाचं. (आवळ्यात ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं, हे मी संत्र्याच्या गावात राहूनही मुलांना सांगते.)

ती छोटी जोडी चढली नाही तर काय बिघडतं? तापमानाचे दोन आकडे पाहा. जोडी चढलेला तिपेडी पीळ साधारण ३९ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. जोडी नसलेला पीळ २४ अंशांच्या आसपासच उलगडतो. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. म्हणजे जीवनसत्त्व क नसेल तर आपल्याच अंगाच्या उबेनं आपला दोर सुटतो.

हे काम वेळेत व्हावं लागतं. विकराला सुटा धागा लागतो, एकदा पीळ बसला की ते काही करू शकत नाही. त्यामुळे पीळ शेपटाकडून सुरू होतो. तीन साखळ्यांची शेवटची टोकं आधी एकत्र येतात, गंधकाच्या बंधांनी एकमेकींना पकडतात, आणि मग चेन ओढावी तसा पीळ डोक्याकडे सरकत जातो. पीळ बसला की एचएसपी-४७ नावाची, खास कोलॅजेनचीच अशी एक पाठराखीण त्याला जागोजागी धरून बसते.

आणि घडी बसलीच नाही तर? जालिका असा माल पुढे सोडत नाही. बऱ्याच प्रथिनांवर साखरेची एक १४ घटकांची डहाळी लावलेली असते, तिची टोकं छाटली जातात आणि पुन्हा चढवली जातात, आणि घडी जमली आहे की नाही यावर साखळीचा मुक्काम ठरतो. फारच लांबला तर ती साखळी उलट दिशेनं पेशीद्रवात ओढून काढतात आणि तिथे तिचे तुकडे होतात. एकच उंबरा म्हटलं त्याला हा अपवाद आहे, पण तो मोडीत निघालेल्यांसाठी. कोलॅजेनचे मोठे गुंते तर जालिकेच्या तुकड्यासकट लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, जातात आणि विरघळतात. जीवनसत्त्व क कमी पडलं की होणारा रोग म्हणजे स्कर्वी; १९६० च्या दशकात स्कर्वी झालेल्या गिनीपिगच्या जखमा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा फायब्रोब्लास्टमधल्या जालिकेचा आकारच बिघडलेला दिसला. रोग हिरड्यांत दिसतो, पण त्याचं मूळ या इवल्या पोकळीत असतं.

जेम्स लिंडना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १७४७ मध्ये 'सॅलिस्बरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर त्यांनी स्कर्वीचे १२ खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सर्वांत लवकर उठले. एक तर सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला.

गेल्या वर्षी वर्गात एकीनं विचारलं, "मॅडम, आमच्या बगीच्यातली बकरी कधी संत्रा खात नाही, तिला काहून नाही होत स्कर्वी?" फार चांगला प्रश्न. बकरी जीवनसत्त्व क स्वतः बनवते, आपल्या यकृतात. त्यातली शेवटची पायरी करणारं विकर बसलेलं असतं आंतर्द्रव्यजालिकेच्याच पटलात. माणसातही त्या विकराचा जनुक आहे, पण तुटलेला. माकडांच्या ज्या शाखेत आपण येतो तिच्यात तो फार पूर्वीच निकामी झाला. बकरीची जालिका जे घरी करते ते आपल्याला झाडावरून तोडून आणावं लागतं.

घडी बसली. आता निघायचं. जालिकेपासून पुढची वाट कशी कळली, तर जॉर्ज पालादे यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप किरणोत्सारी अमिनो आम्लात तीन मिनिटं बुडवले गेले, मग साध्या द्रावणात ठेवले गेले आणि ठरावीक वेळानं तपासले गेले. तीन मिनिटांनी किरणोत्सार जालिकेत होता, वीसेक मिनिटांनी गॉल्गीच्या भागात, दोन तासांनी पेशीच्या कडेला साठलेल्या दाण्यांत. प्रथिनं या क्रमानं सरकतात हे एवढ्या साध्या युक्तीनं सिद्ध झालं. १९७४ चं नोबेल आल्बेर क्लोद, क्रिस्टियान द द्यूव आणि पालादे यांना मिळालं.

वाहन म्हणजे पटलाचाच फुगवटा. जालिकेच्या ठरावीक जागी बाहेरून प्रथिनांचं एक कवच जमा होतं, ते पटलाला वाकवतं, फुगवटा येतो, मान आवळली जाते आणि पुटिका सुटते. चौकाचा एक तुकडा आपल्या आभाळासकट निघाला. रँडी शेकमन यांनी हे यीस्टमध्ये शोधलं. ज्यांच्यात माल आतच साठत जातो असे बिघडलेले यीस्ट निवडून त्यांनी १९८० पर्यंत या वाटेवरचे २३ जनुक वेगळे केले.

पण ही पुटिका ६० ते ९० नॅनोमीटरची असते आणि आपली काठी ३०० नॅनोमीटरची, ताठ. बैलगाडीच्या वाटेनं विजेचा खांब न्यायचा तसा हा पेच. २००९ मध्ये बार्सिलोनातल्या विवेक मल्होत्रा यांच्या गटानं टँगो-१ नावाचं प्रथिन पुढे आणलं. ते जालिकेच्या पटलात आरपार बसतं. आतलं टोक कोलॅजेनकडे, बाहेरचं टोक कवचाकडे. माल आत आहे तोवर ते कवचाला लवकर मिटू देत नाही. मग पुढे मोठी पुटिका बनते की जालिका आणि पुढचा मुक्काम यांच्यात थोडा वेळ सरळ बोगदाच तयार होतो, यावर जाणकारांत अजून मतभेद आहेत. जिच्याविना आपली कातडी टिकत नाही त्या वस्तूचा घराबाहेर पडण्याचा नेमका क्षण अजून वादात असावा, हे मुलांना सांगताना मला विशेष आनंद होतो. त्यांच्यासाठी काम शिल्लक आहे.

पुढचा मुक्काम गॉल्गी. कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये पाव्हिया इथे घुबडाच्या मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षारानं रंगवल्या आणि त्यांना केंद्रकाभोवती एक काळी जाळी दिसली. ती खरी आहे की रंगाचा डाग, यावर पुढे पन्नासेक वर्षं भांडण चाललं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा दिसलं, की एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांसारख्या चपट्या पिशव्या तिथे आहेत.

गॉल्गी किंचित आंबट असतं. जालिका जवळपास उदासीन, आणि गॉल्गीच्या एकेका पोळीगणिक आम्लता थोडी वाढत जाते. ही चवच इथे खूण आहे. या आंबटपणात एचएसपी-४७ ची कोलॅजेनवरची पकड सुटते. तिच्या शेवटी चार अमिनो आम्लांचं एक शेपूट असतं. गॉल्गीच्या पटलातलं एक प्रथिन आंबट जागी ते शेपूट धरतं, पाठराखिणीला परतीच्या पुटिकेत घालतं, आणि जालिकेत पोचताच तिथल्या उदासीन पाण्यात पकड आपोआप ढिली होते. नवरी पुढे, पाठराखीण घरी. केंब्रिजमध्ये शॉन मन्रो आणि ह्यू पेलम यांनी १९८७ मध्ये हे शेपूट ओळखलं. प्रोलिनवर काम करणाऱ्या विकराच्या एका भागालाही तसंच शेपूट आहे, म्हणून चुकून पुढे गेलं तरी ते परत येतं. जालिकेत राहणारी प्रथिनं तिथे बांधलेली नसतात. ती निसटतात आणि पुन्हा पुन्हा परत आणली जातात.

गॉल्गीच्या एका पोळीतून दुसरीत माल कसा जातो? बराच काळ समज होता, की पोळ्या जागच्या जागी आणि पुटिका ये-जा करणार. हा समज हलवला तो आपल्या याच दोरानं. १९९८ मध्ये इटलीत आल्बेर्तो लुईनी यांच्या गटानं पाहिलं, की कोलॅजेनचे जुडगे गॉल्गी पार करतात, पण पोळी सोडून कधीच बाहेर येत नाहीत. याचा अर्थ पोळीच पुढे सरकत असली पाहिजे. २००६ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या दोन गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकाच पोळीचा रंग पहिल्या अवस्थेकडून शेवटच्या अवस्थेकडे बदलताना पाहिला. पोळी पिकते, फळासारखी. तिच्यातली जुनी विकरं मागच्या पोळीकडे पाठवली जातात आणि पुढची येऊन बसतात. मी हे ऐकलं तेव्हा मला झाडावर हिरव्याचं पिवळं होणारं संत्रंच दिसलं.

शेवटच्या टोकाला वाटा फुटतात. लयकारिकेत जाणाऱ्या विकरांना मॅनोज-६-फॉस्फेट ही साखरेची खूण लावलेली असते, ती तिकडे वळतात. कोलॅजेनची वाट बाहेरची. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकणारी प्रथिनं त्याची पिशवी पेशीच्या कडेला ओढत नेतात. तिथे पिशवीवरच्या प्रथिनांच्या दोऱ्या आणि पेशीपटलावरच्या दोऱ्या एकमेकींत पिळल्या जातात, वेणी घातल्यासारख्या, आणि त्या पिळाच्या जोरानं दोन पटलं इतकी जवळ येतात की एक होतात. ही जुळणी जेम्स रॉथमन यांनी उलगडली. २०१३ चं नोबेल त्यांना, शेकमनना आणि चेतापेशींतलं हेच काम शोधणाऱ्या थॉमस स्यूदोफना मिळालं. पटलं एक झाली की पिशवीची आतली बाजू पेशीची बाहेरची बाजू होते. चौकाचं झाकण निघालं. कोलॅजेन बाहेर आहे, आणि त्यानं काही ओलांडलेलं नाही.

एक काळजी इथपर्यंत घेतलेली असते. दोराच्या दोन्ही टोकांना जास्तीचे गेंद असतात, ते असेपर्यंत दोर एकमेकांना चिकटत नाहीत. बाहेर आल्यावर विकरं ते गेंद कापतात, आणि मग दोर शेजारीशेजारी, थोडे पुढेमागे सरकून, आपोआप रचले जातात. इतके नेमके, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो. मग तांबं बाळगणारं एक विकर त्यांना आडवे टाके घालतं.

बगीच्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न ठरलेला असतो: संत्र्याच्या झाडाला कोलॅजेन असतं का? नसतं. पण झाडाच्या पेशीभित्तिकेत प्रोलिनवर तीच जोडी चढवलेली दुसरी प्रथिनं असतात, आणि त्यांची वाटही तीच: जालिका, गॉल्गी, पुटिका, बाहेर. वाट फार जुनी आहे.

कोलॅजेन एकदा घातलं की कायमचं, असं मुलांना वाटतं. १७४० च्या दशकात जॉर्ज ॲन्सन यांच्या आरमारानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या सफरीच्या वृत्तान्तात एका खलाशाची नोंद आहे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत झालेली त्याची जखम तेव्हाच भरून आली होती. स्कर्वीनं तो खंगला तशी ती पुन्हा उघडली, आणि तेव्हाच सांधलेलं हाडही सुटलं. व्रणातलं कोलॅजेन सतत मोडत असतं आणि सतत नवं घातलं जात असतं. घालणं थांबलं, तर पन्नास वर्षांची शिवणही उसवते.

मृग बहराच्या तोडीला मी पुन्हा काकांकडे गेले. अंगठ्यावरची रेघ तोवर पांढरट झाली होती. सुरुवातीला घाईनं घातलेलं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन काढून त्या जागी पहिल्या प्रकारचं, अधिक घट्ट घातलं जात होतं. झाडाच्या बुडातला तो जंबेरीचा फुटवा काकांनी मुळापासून काढला होता. काकूंनी टोपल्यातून एक संत्रं उचललं आणि माझ्यापुढे धरलं. या वेळी मी स्वतः सोललं. रस अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळला, पण झोंबला नाही.